रॉकफेलर लुटारू की उद्योजक? एका कॉस्टिंगवाल्याचं उत्तर

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. अभ्यासाच्या एका पुस्तकात तेलवाला रॉकफेलर, पोलादवाला कार्नेगी, रेल्वेवाला व्हँडरबिल्ट या अमेरिकन उद्योगपतींना 'लुटारू सरदार' म्हटलंय आणि दुसऱ्यात त्याच माणसांना 'उद्योगाचे सेनापती', मग उत्तरपत्रिकेत काय लिहायचं? रॉकफेलरच्या काळात केरोसीनचा भाव एक तृतीयांशावर आला, मग तो खलनायक कसा? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या या अमेरिकन मंडळींचा आपल्याशी काय संबंध.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा माणूस नाही. पस्तीस वर्षं कॉस्टिंग केलं, म्हणजे मालाला नेमका किती खर्च येतो आणि तो कुठे होतो ते काढायचं काम. पहिली नऊ एका साखर कारखान्यात, उरलेली फोर्जिंग आणि पाइपवाल्यांकडे. निवृत्तीनंतर जुन्या अमेरिकन कंपन्यांचे हिशेब वाचायचा नाद लागला, कारण आम्ही आयुष्यभर जे तक्ते भरले त्यांतले बरेचसे तिथल्या रेल्वेत आणि पोलाद कारखान्यांत आकाराला आलेत. म्हणून उत्तर वहीच्या बाजूने देतोय. नीतीची बाजू त्यात येईल, पण मागच्या दाराने.

लुटारू की सेनापती, हा प्रश्न माझ्या मते चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. विचारायचं ते असं: मोठं झाल्याने पैसा वाचत होता का, आणि वाचत असेल तर कुठून? तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक म्हणजे तीच भट्टी, तीच मालगाडीची वाघीण, तेच यंत्र जास्त वेळ भरलेलं राहिलं म्हणून. दुसरं म्हणजे कुणाच्या तरी खिशातून, मग तो मजुराचा असो, शेतकऱ्याचा असो, शेजारच्या छोट्या कारखानदाराचा किंवा करदात्याचा. वर्षअखेरीला दोन्ही 'नफा' या एकाच ओळीत बसतात. ती ओळ फोडून दाखवणं हेच आमचं काम.

पहिल्या प्रकारची बचत मला कळली ती साखर कारखान्यातल्या पहिल्याच हंगामात. डिसेंबरची रात्र, अडीचचा सुमार आणि गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस नाही. 'नो केन'. बॉयलर पेटलेला, पाळीची माणसं हजेरीवर, कर्जाचं व्याज चालू आणि मिल नुसती उभी. साहेबांनी लांबच्या गटातला ऊस उचलायला सांगितला, वाहतूक काय लागायची ती लागू दे म्हणाले. मी नवखा. सकाळी मोठ्या ऐटीत कागद घेऊन गेलो आणि दाखवलं की या उसाच्या टनामागे आपल्याला तोटा आहे. चीफ अकाउंटंट कागदाकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे. पण मिल बंद ठेवून किती तोटा होतो, तो रकाना कुठाय?" तो रकाना मी मांडलाच नव्हता.

तो रकाना म्हणजे स्थिर खर्च, माल निघो न निघो, चालूच राहणारा. १८५० नंतरच्या अमेरिकेत काय घडलं ते समजून घ्यायचं तर तो रकाना डोळ्यांपुढे ठेवा.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८६० मध्ये अमेरिकेत साधारण ३०,००० मैल लोहमार्ग होता, १९०० मध्ये १,९०,००० मैलांच्या वर गेला. मधल्या काळात, १८६९ च्या मे महिन्यात, युटामधल्या प्रॉमन्टरी इथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ जोडले गेले. रेल्वेचा खर्च बघा: जमीन, रूळ, पूल, बोगदे, स्टेशनं आणि या सगळ्यासाठी काढलेल्या रोख्यांचं व्याज. गाडी रिकामी धावली तरी यातलं फारसं काही कमी होत नाही. लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा अल्बर्ट फिंक मूळचा पूल बांधणारा जर्मन इंजिनिअर. त्याने १८७० च्या दशकात एक टन माल एक मैल न्यायला नेमका किती खर्च येतो ते खातं फोडून फोडून काढलं आणि दाखवून दिलं की खर्चाचा मोठा हिस्सा वाहतूक किती झाली यावर अवलंबूनच नसतो. आमच्या धंद्यात फिंकला मी गुरुस्थानी मानतो.

आता याचा परिणाम बघा. दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे मार्ग असतील, तर कोळसा आणि हमाली सुटेल एवढ्या दरातही माल घ्यायला दोघी तयार होतात, कारण रिकामी वाघीण त्याहून महाग पडते. म्हणून दरयुद्धं व्हायची. आणि जिथे एकच मार्ग आहे, तिथल्या शेतकऱ्याकडून ती कसर काढली जायची. शिकागो ते न्यूयॉर्क धान्य स्वस्तात जायचं आणि मधल्या एखाद्या स्टेशनवरच्या शेतकऱ्याला कमी अंतराला जास्त भाडं पडायचं. शेतकऱ्यांच्या ग्रेंज संघटनांचा राग यावरच होता, आणि १८८७ चा आंतरराज्य व्यापार कायदा अशा तक्रारींतूनच आला. युद्ध थांबवायला कंपन्यांनी 'पूल' केले, म्हणजे दर आणि मालाचा वाटा आपसांत ठरवून घ्यायचा. १८७५ मध्ये दक्षिणेतल्या रेल्वेंचा असा पूल उभा राहिला, आणि तो चालवायला कोण? तेच फिंकसाहेब. खर्च ज्याला कळतो त्यालाच स्पर्धा का परवडत नाही तेही कळतं!

रेल्वेने दुसरीही एक गोष्ट दिली, ती परीक्षेच्या उत्तरांत सहसा सुटते. एका माणसाच्या नजरेत न मावणारा धंदा चालवायचा कसा, हे आधी तिथे शिकावं लागलं. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेल्वेच्या दोन गाड्या एकेरी मार्गावर समोरासमोर धडकल्या आणि कुणी कुणाला हुकूम द्यायचा, कुणी कुणाला कळवायचं, हे लेखी ठरवणं भाग पडलं. एरी रेल्वेच्या डॅनियल मॅकॅलमने १८५५ च्या सुमारास अधिकाऱ्यांची उतरंड चक्क झाडासारखी कागदावर काढली. विभागप्रमुख, रोजचे अहवाल, तारेने येणारे आकडे, हे सगळं तिथलं. आणि या शाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे स्कॉटलंडहून आलेला अँड्र्यू कार्नेगी. वडील हातमागावरचे विणकर. हा १८४८ मध्ये तेराव्या वर्षापूर्वीच अमेरिकेत आला, कापड गिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर बॉबिनं बदलायचं काम केलं आणि १८५३ मध्ये पेन्सिल्वेनिया रेल्वेत तारवाला म्हणून लागला. पुढची बारा वर्षं त्याने रेल्वेचे खर्चाचे कागद पाहिले.

पैसा कुठून आला, हेही सांगायला हवं. काही युरोपातल्या, विशेषतः ब्रिटिश गुंतवणूकदारांच्या रोख्यांतून. काही सरकारकडून: एकट्या केंद्र सरकारने रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. आणि काही हातचलाखीतून. युनियन पॅसिफिकच्या आतल्या मंडळींनी क्रेडिट मोबिलिए नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली आणि रेल्वेच्या बांधकामाचं फुगवलेलं कंत्राट तिलाच दिलं. काँग्रेसच्या सदस्यांना तिचे शेअर स्वस्तात वाटले गेले. १८७२ मध्ये ते बाहेर आलं. बिल लावणारा आणि बिल मंजूर करणारा एकच असला की काय होतं, हे मी एका ठिकाणी जवळून पाहिलंय. आमच्याकडे रकमा लहान होत्या, रीत हीच होती.

आता कार्नेगी. १८७३ ची मंदी आली, बँका बुडाल्या, आणि याच मंदीत त्याने पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक इथे पोलादाचा कारखाना बांधून घेतला, कारण माल आणि मजुरी दोन्ही स्वस्त झाली होती. कारखान्याला नाव दिलं एडगर थॉमसन यांचं, म्हणजे पेन्सिल्वेनिया रेल्वेच्या अध्यक्षांचं. १८७५ मध्ये कारखाना सुरू झाला, आणि पहिली ऑर्डर २,००० रुळांची, त्याच रेल्वेकडून. कारखान्याला नाव देतानाही माणूस हिशेबच करत होता.

त्याच्या आधी बहुतेक लोखंडवाले नफा-तोटा वर्षअखेरीला बघायचे. कार्नेगीने रेल्वेतली व्हाउचर पद्धत कारखान्यात आणली. प्रत्येक विभागाचा तक्ता, टनामागे खनिज किती, चुनखडी किती, कोक किती, मजुरी किती, मागच्या महिन्यात किती होतं, शेजारच्या भट्टीला किती लागलं. कंपनीचे डोळे वह्यांमधून आपल्यावर रोखलेले आहेत, असं तिथली माणसं म्हणत. खरं सांगू, आमच्याबद्दलही शॉप फ्लोअरवर हेच म्हणायचे, आणि शब्द याहून वाईट असायचे.

एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधले भट्टीवाले भट्टी जपून चालवायचे, आतलं विटांचं अस्तर वर्षानुवर्षं टिकावं म्हणून. अमेरिकन मंडळी हवेचा दाब वाढवून भट्टी रेटायची, अस्तर थोड्या वर्षांत जळून जायचं, मग नवं घालायचं. इंग्रजांना हा आडदांडपणा वाटायचा. पण अस्तर टिकवण्यासाठी आहे की पोलाद काढण्यासाठी? टनांची संख्या इतकी वाढायची की अस्तराचा खर्च टनामागे नगण्य व्हायचा. 'मिल बंद ठेवून किती तोटा' तो रकाना कार्नेगीला तोंडपाठ होता. १८७० च्या सुमारास पोलादी रुळांचा भाव टनाला १०० डॉलरच्या वर होता, १८९८ मध्ये तो १७-१८ डॉलरवर आला.

एवढ्यावर थांबलो तर तुमचं दुसरं पुस्तक खरं ठरतं. पण ओळ फोडायची म्हटलं ना? परदेशी रुळांवर टनाला २८ डॉलर आयात जकात होती. म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं रुळांचे पैसे मोजणारी रेल्वे, आणि पर्यायाने भाडं भरणारी जनता, कार्नेगीला पोसत होती. आणि मजुरी. पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी सर्रास होती. पाळी बदलायच्या दिवशी चोवीस तास सलग काम. १८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात कुशल कामगारांच्या संघटनेचा करार संपला. कार्नेगी स्कॉटलंडला गेलेला, कारभार हेन्री फ्रिककडे. त्याने मजुरीत कपात पुढे केली, कारखान्याभोवती कुंपण उभारलं आणि टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन एजन्सीचे सुमारे ३०० रखवालदार पडावांतून मोनोंगाहेला नदीवरून आणले. काठावर कामगार आणि त्यांची कुटुंबं जमलेली. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याची सशस्त्र मिलिशिया आली आणि कारखाना संघटनेशिवाय सुरू झाला. पुढे कित्येक दशकं तिथे संघटना उभी राहिली नाही.

त्यानंतर टनामागचा मजुरी खर्च उतरला. पण का उतरला? विजेच्या क्रेन आल्या, भट्टी भरणारी यंत्रं आली, म्हणूनही. आणि भाव करायला समोर कुणी उरलं नाही, म्हणूनही. हे दोन भाग निखळ वेगळे काढता येत नाहीत. ज्या कुणी ते ठामपणे काढून दाखवलेत, त्याचा तक्ता मी दोनदा तपासीन.

आता रॉकफेलर, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न. हा माणूस मुळात कारकून. १८५५ च्या सप्टेंबरात सोळाव्या वर्षी क्लीव्हलंडला एका अडत्याच्या पेढीत मदतनीस हिशेबनीस म्हणून लागला आणि तो दिवस, २६ सप्टेंबर, आयुष्यभर सणासारखा पाळत आला. १८५९ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाने खोदलेल्या विहिरीला तेल लागलं, १८६३ मध्ये रॉकफेलर तेल शुद्धीकरणात उतरला, १८७० मध्ये दहा लाख डॉलर भांडवलावर स्टँडर्ड ऑइल स्थापन झाली.

त्याचा एक प्रसंग सांगतो. न्यूयॉर्कमधल्या एका कारखान्यात निर्यातीसाठी पाच गॅलनचे केरोसीनचे डबे भरून झाळले जात होते. त्याने कारागिराला विचारलं, एका डब्याला सोल्डरचे किती थेंब लागतात? चाळीस. अडतीसवर कधी बघितलंय? नाही. मग बघा. अडतीस थेंबांवर काही डबे गळायला लागले. एकोणचाळीसवर एकही गळला नाही. तेव्हापासून एकोणचाळीस. एका थेंबाने पहिल्याच वर्षी २,५०० डॉलर वाचवले. पिंपांचंही तसंच. ओकचं ओलं लाकूड ओढून आणण्यापेक्षा जंगलातच भट्टीत वाळवलं तर वजन घटतं, वाहतूक घटते. अडीच डॉलरचं पिंप एका डॉलरच्या आत आलं. ही पहिल्या प्रकारची बचत, शंभर नंबरी.

मग रेल्वेची सूट. इथे बहुतेक पुस्तकं दोन गोष्टींची गल्लत करतात. लेक शोअर रेल्वेचा जाहीर दर पिंपामागे २ डॉलर ४० सेंट होता, स्टँडर्डवाल्यांना १ डॉलर ६५ सेंट मिळाला. बदल्यात त्यांनी रोज साठ वाघिणी तेल देण्याची हमी दिली. रेल्वेचा अधिकारी मूर्ख होता का? नाही. सुटं सुटं तेल गोळा करत न्यूयॉर्कला जाऊन यायला वाघिणीला तीस दिवस लागायचे, पूर्ण गाडी एकाच मालाची असली की दहा दिवस. म्हणजे १,८०० वाघिणींचं काम ६०० वाघिणींत. ही सूट मी कॉस्टिंगवाला म्हणून मंजूर केली असती. माल भरपूर आणि नियमित देणाऱ्याला कमी दर, हे आपल्याकडचा कुठलाही ट्रान्सपोर्टवालाही देतो.

पण १८७२ मध्ये साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाचा जो करार रेल्वे आणि काही शुद्धीकरणवाल्यांत गुपचूप ठरला, त्यात दुसरंच कलम होतं. तेलक्षेत्रापासून क्लीव्हलंडपर्यंत स्टँडर्डला स्वतःच्या पिंपामागे ४० सेंट सूट मिळायची. आणि स्पर्धकाने पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागे आणखी ४० सेंट, तेही स्टँडर्डलाच. म्हणजे तुम्ही तुमचं तेल पाठवा, भाडं पूर्ण भरा, आणि त्यातला वाटा माझ्या खिशात. यात कुठली वाघीण भरली? कुठला दिवस वाचला? काहीच नाही. करार फुटला, तेलक्षेत्रात दंगा उसळला आणि तो अमलात यायच्या आधीच गुंडाळावा लागला. पण तेवढ्या आठवड्यांत, नुसत्या त्याच्या सावलीने, क्लीव्हलंडमधल्या २६ पैकी २२ स्पर्धकांनी आपले कारखाने स्टँडर्डला विकले. विकणाऱ्यांपैकी काही खरोखरच डबघाईला आलेले होते, रोख पैशांऐवजी स्टँडर्डचे शेअर घेतलेले पुढे श्रीमंतही झाले. तरी घाबरवून घेतलेली सही ही घाबरवून घेतलेलीच.

राहिला केरोसीनचा भाव. १८७० मध्ये गॅलनला २६ सेंट, १८८० मध्ये ९ सेंटच्या आसपास. १७ सेंट उतरले. श्रेय कुणाचं? त्याच दहा वर्षांत कच्च्या तेलाचं पिंप पावणेचार डॉलरच्या पुढून एका डॉलरच्या जवळ आलं, कारण ब्रॅडफर्डसारख्या नव्या क्षेत्रांत तेल मावेना. पिंप ४२ गॅलनचं, त्यातून पाऊण भाग केरोसीन निघतं असं धरा. म्हणजे १८७० मध्ये गॅलनभर केरोसीनच्या पोटात साधारण १२ सेंटचं कच्चं तेल होतं, १८८० मध्ये ३ सेंटचं. १७ पैकी ९ सेंट इथेच गेले, ते विहिरींनी उतरवले. शिवाय यादवी युद्धानंतर अमेरिकेत सगळ्याच वस्तूंचे भाव खाली येत होते. उरलेल्या सात-आठ सेंटांत रॉकफेलरची पिंपं, पाइपलाइन, मोठे कारखाने हे सगळं आहे, आणि त्याच्याशी भाव करणारे इतरही आहेत. हा ढोबळ हिशेब आहे, पण "रॉकफेलरने भाव उतरवला" या वाक्याला निम्मी कात्री लावायला पुरेसा.

पुढचा टप्पा तर अजून बोलका आहे. १८८० च्या दशकाच्या मध्यावर स्टँडर्डने छोटे कारखाने बंद करून उत्पादन मोजक्या अजस्र कारखान्यांत एकवटलं. शुद्धीकरणाचा खर्च गॅलनमागे दीड सेंटवरून अर्ध्या सेंटवर आला. त्याच सुमारास गॅलनमागचा नफा मात्र वाढला. तोवर देशातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण एकाच हाती होतं. बचत झाली ती खरी, पण ती गिऱ्हाइकापर्यंत पूर्ण का पोहोचवावी, असा प्रश्न विचारणारं बाजारात कुणी नव्हतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. पूलमधलं कुणी करार मोडला तर कोर्टात दाद मागता यायची नाही, म्हणून पूल टिकायचे नाहीत. मग १८८२ मध्ये स्टँडर्डच्या वकिलांनी ट्रस्ट काढला: चाळीसेक कंपन्यांचे शेअर नऊ विश्वस्तांच्या हाती. साखर, दारू, जवसाचं तेल, सगळ्यांनी नक्कल केली. न्यू जर्सीने एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे शेअर धरायची मुभा दिली, १८९० मध्ये शर्मन कायद्याने कंपन्यांमधले व्यापार रोखणारे करार बेकायदा ठरवले. याची गंमत अशी की आपसांत करार करणं गुन्हा झाला, तेव्हा मंडळींनी सरळ एकत्र होऊन एकच कंपनी करायला घेतली! १८९५ ते १९०४ या दहा वर्षांत १,८०० हून अधिक कंपन्या विलीनीकरणात नाहीशा झाल्या. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने कार्नेगीचा धंदा ४८ कोटी डॉलरला घेऊन यू.एस. स्टील उभी केली, भांडवल १४० कोटी डॉलर. दहा वर्षांनी सरकारी चौकशीत दिसलं की त्यामागे डोळ्यांना दिसणारी मालमत्ता निम्म्याच्याही किंचित आत होती. उरलेलं? दुधात पाणी. स्टँडर्डचे ३४ तुकडे करायचा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९११ मधला.

पण सगळेच मोठे टिकले असं समजू नका. हे धंद्याच्या जातीवर अवलंबून आहे. गुस्टाव्हस स्विफ्टने शिकागोहून जिवंत गुरं पाठवण्याऐवजी बर्फाच्या वाघिणींतून मांस पाठवायला घेतलं. मोठ्या रेल्वेंनी नकार दिला, कारण त्यांचा पैसा गुरांच्या वाघिणींत आणि गोठ्यांत अडकलेला, तेव्हा त्याने कॅनडाची ग्रँड ट्रंक रेल्वे गाठली. तिथे मोठेपणाला अर्थ होता, निम्मी गुरं म्हणजे हाडं-कातडी न्यायचं भाडं वाचत होतं. उलट नॅशनल कॉर्डेज नावाचा दोरखंडाचा ट्रस्ट बघा. दोर वळायला अजस्र कारखान्याचा काही फायदा नाही, बाजार अडवून धरायचा एवढाच डाव. १८९३ च्या मेमध्ये तो कोसळला आणि शेअरबाजाराला घेऊन बसला. फर्निचर, शिवणकाम, छापखाने यांत तर असा कुणी सम्राट झालाच नाही.

उत्तरपत्रिकेसाठी एवढं लक्षात ठेवा: रेल्वेने बाजार, भांडवल आणि कारभाराची रीत दिली. स्थिर खर्चाने सतत चालू राहायची सक्ती केली, त्यातून दरयुद्ध, मग पूल, ट्रस्ट, विलीनीकरण. प्रत्येक उद्योगपतीच्या नावापुढे एक उदाहरण पहिल्या प्रकारच्या बचतीचं द्या, एक दुसऱ्याच्या खिशातून काढलेल्या पैशाचं. एकोणचाळीस थेंब आणि ते ४० सेंट. रुळाचा भाव आणि होमस्टेड. लेबल परीक्षकाला लावू द्या.

आता आपला संबंध. आपण केरोसीनला रॉकेल म्हणतो ना, तो इंग्रजीतल्या 'रॉक ऑइल'चा मराठी अवतार आहे, खडकातलं तेल. ते आशियात यायचं ते पाच गॅलनच्या दोन-दोन डब्यांच्या लाकडी खोक्यांतून, त्या एकोणचाळीस थेंबवाल्या डब्यांतून. तेल संपलं की डबा घरात राहायचा. आमच्या आजीकडे धान्य, पीठ, आंघोळीचं पाणी, सगळ्याला 'रॉकेलचा डबा' हेच माप होतं, आतलं तेल कुठल्या कंपनीचं होतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसरा धागा मुंबईचा. १९०२ मध्ये जमशेटजी टाटा अमेरिकेत गेले, पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या इंजिनिअरला भेटले. हे केनेडी पूर्वी कार्नेगीच्या भट्ट्या सांभाळलेले. त्यांनी चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं आणि पेरिन खनिज शोधायला हिंदुस्थानात आले. जमशेटजी १९०४ मध्ये वारले, कंपनी मुंबईत १९०७ मध्ये नोंदली गेली, साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद १९१२ मध्ये निघालं. भट्टी पेटण्याआधीच सरकारने दहा वर्षं, वर्षाला २०,००० टन रूळ घेण्याचं कबूल केलं होतं. ब्रॅडॉकसारखंच, पहिलं गिऱ्हाईक रेल्वे.